दाजींचा रणगाडा

आमच्या दाजींच्या मते जगातली प्रत्येक वस्तू अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली होती. सगळ्या दुरुस्त करणे एका माणसाला जमणारे नव्हे, म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक रणगाडा हाती घेतला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मानवतला भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आणि रणगाडा म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, दोन तळहातांवर मावणारा. खोक्यातले भाग आहेत तसे चिकटवणे त्यांना परीक्षेत कॉपी करण्यासारखे वाटे. ओढायच्या दोराला त्यांनी पाण्याच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार पीळ देऊन वापरली. मडगार्डासाठी पातळ पत्रा हवा होता, तेव्हा ताईच्या मलमाची ट्यूब निम्मी भरलेली असतानाच कापली. "माझे गुडघे दुखायलेत अन् ह्यांचं मडगार्ड व्हायलंय," असे ताई आल्यागेल्याला सांगे.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. दाजींचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, तरुणपणी फौजेत असाच रणगाडा चालवत. आता ते सोनपेठजवळच्या गावी शेती पाहतात. बोलणे मुळातच कमी, त्यात फौजेविषयी तर अक्षर नाही. त्यांच्या तोंडून एकदा "बरोबर हाय" ऐकावे, एवढीच दाजींची इच्छा होती. त्यासाठी ते दर रविवारी रणगाडा बुटाच्या खोक्यात घालून एस.टी.ने निघत. मी पुष्कळदा सोबत असे. एकदा पाथरीला गाडी थांबली असताना रस्त्याकडेला पोकलेन खोदकाम करत होते. त्याच्या साखळीत चिखल नेमका कुठे अडकतो हे पाहायला दाजी उतरले, आणि गाडी निघून गेली. खोके माझ्या मांडीवर होते. मागच्या गाडीने आले तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, "कड्यांच्या मधे बसतो, वर नाही."

दादा चष्मा लावून, चहा थंड होईपर्यंत रणगाडा फिरवून फिरवून पाहत. मग म्हणत, "हेडलाइट लय खाली बसलाय." पुढच्या खेपेला, "मागचा डबा उजवीकडं पायजे." त्याच्या पुढच्या खेपेला, "ही माती आपल्या रानातली हाय. तिथं वाळू होती." दाजी प्रत्येक दोष वहीत टिपून घेत आणि परतीच्या प्रवासात पहिला नंबर आल्यासारखे खुशीत असत. अशी सात-आठ वर्षे गेली. मी एकदा भीतभीत म्हणालो, "दाजी, पुस्तकातल्या फोटोत डबा डावीकडं आहे."

"फोटो काढणारा बाहेर उभा होता," दाजी म्हणाले. "दादा आत बसला होता."

यंदा पौषात दाजी गेले. सगळे विधी उरकल्यावर एका रविवारी मी खोके घेऊन एकटाच दादांकडे गेलो. दाजींचे राहिलेले काम म्हणून विचारले, "दादा, आता तरी बरोबर आहे का?"

दादांनी रणगाडा बराच वेळ हातात धरला. "कशाचं बरोबर. असला रणगाडा कोन्या फौजंत न्हाई." मग डब्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पयल्या दिशी आणला तवाच बरोबर होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पुढच्या आइतवारी कशाला आला असता तो?"

चहा तसाच राहिला. मी खोके बंद करून उठलो. पायऱ्या उतरत असताना मागून आवाज आला, "हेडलाइट आता जरा वर झालाय."

दाजींची वही माझ्या खिशातच होती. ती काढून मी विचारले, "किती?"

"आता नजरंला ठरंना," दादा दुसरीकडे पाहत म्हणाले. "पुढच्या आइतवारी बघू."

मी तेवढेच लिहून घेतले.