दाखल्यावर चौदा, हाडं बाराची

बोरुडे मास्तर आज सकाळी भिंगारला वारले, आणि माझ्या अर्जाचं उत्तर न देता गेले.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून जे मेसेज फिरत आहेत, त्यांत इतक्या चुका आहेत की वस्तुस्थिती क्रमाने मांडणं भाग आहे.

एक. ते 'रिटायर्ड कर्नल' नव्हते. हवालदार होते. निवृत्तीनंतर भिंगारच्या एका जुन्या हॉलमध्ये, लाकडी फ्लोअरवर, आम्हा मुलांना चाकांचं स्केटिंग शिकवत.

दोन. १९७२ साली राज्य स्पर्धेच्या जोडी-स्केटिंगमधून मी 'आजारपणामुळे' बाहेर पडले नाही. मास्तरांनी मला काढलं.

तीन. त्या प्रकाराला किमान वय चौदा होतं. दाखल्यानुसार मला चौदा पूर्ण होती.

चार. मी बारा वर्षांची होते.

यात विसंगती नाही. पाथर्डीला आजोळी मला शाळेत घातलं, तेव्हा हेडमास्तरांनी नेहमीची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकड. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचं.

माझे हात लांब होते.

चौथ्या वर्षी मी सहाची झाले. जन्मतारीख एक जून. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

आता पुढचं.

आमच्या कार्यक्रमात एक गिरकी होती. सतरा वर्षांचा जोडीदार मला एका मनगटाला आणि एका घोट्याला धरून गरगरा फिरवायचा. माझं डोकं फ्लोअरपासून वीतभर वर.

मला ती अतिशय आवडायची.

एकदा सरावात फिरता फिरता माझ्या तोंडातून काहीतरी खाली पडलं. मास्तरांनी वाकून उचललं.

"काय हाय हे?"

"दात."

"कसला?"

"दुधाचा." अचूक उत्तर द्यायची सवय मला तेव्हापासून आहे.

"चौदाव्या वर्षी दुधाचा दात?"

"दाखला बघा ना, मास्तर."

"दाखला कवाच बघितला. आता दात बघतोय."

संध्याकाळी ते घरी आले. वडील लष्करी कचेरीत हेडक्लार्क. कागदावर त्यांची श्रद्धा.

"मास्तर, नियमात बसतंय. दाखला पक्का आहे."

"साहेब, दाखला चौदाचा हाय, हाडं बाराची. पोरगी पडली तर दाखला न्हाई मोडायचा."

आई आतून म्हणाली, "बाराचीच हाय ती. जन्मली तवा मी हुते तिथं."

वडिलांनी चहा सांगितला. विषय संपला.

हॉलच्या कमिटीचे सेक्रेटरी भडकले. "बाकीच्या गावांतले कोच दात मोजत बसतात का?"

"त्यांची पोरं त्यांनी बघावी."

आमची जोडी गेलीच नाही. पदक नक्की होतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात, कार्बन कॉपीसह. 'मला संघातून वगळण्याचे कारण आठ दिवसांत लेखी कळवावे.'

त्यांनी उभ्या उभ्या वाचला. "लई झ्याक अक्षर हाय."

"उत्तर?"

"चौदाची झालीस की देतो. खरीखुरी."

आठ महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. सराव मात्र एकही दिवस चुकवला नाही. ते फ्लोअरवर खडूने आठचा आकडा काढायचे. चाकं त्या रेघेवरून हलता कामा नयेत.

"परत."

मी परत.

"परत."

अबोला एकतर्फी होता, हे मला उशिरा कळलं.

मधल्या काळात मास्तर वडिलांना घेऊन एसटीने पाथर्डीला गेले आणि माझी जन्मतारीख दुरुस्त करून आणली. पोरीचं वय एकच असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. परिणामी माझी निवृत्ती लांबली आणि मी कॉलेजात दोन वर्षं जास्त शिकवलं. माझ्या विद्यार्थ्यांनी त्याचा दोष मास्तरांना द्यावा.

चौदावा वाढदिवस. मी हॉलमध्ये जाऊन हात पुढे केला.

"उत्तर?"

मास्तर गुडघ्यावर बसले. माझ्या स्केट्सच्या नाड्या स्वतः आवळल्या, दोनदा गाठ मारली आणि जोडीदाराला हाक मारली. "चल रे. आता फिरव हिला."

"मास्तर, हे लेखी नाही."

"फीर आधी, मग भांड."

त्या वर्षी दुसरा क्रमांक आला. परीक्षकांविषयी माझं मत बदललेलं नाही.

मास्तरांविषयीचं बदललं. त्यांना सांगायचं राहिलं.

म्हणून हा दुसरा अर्ज.

मास्तर,

आपला निर्णय बरोबर होता. हे मान्य करायला मला पन्नासहून अधिक वर्षं लागली. विलंबाबद्दल क्षमा असावी.

आज तुमच्या घराच्या पायऱ्या मी कोणाचाही हात न धरता चढले. मान, मणका, दोन्ही गुडघे शाबूत आहेत. श्रेय आपलं.

बरं, या आता, मास्तर.

पहिल्या अर्जाचं उत्तर माफ.

या अर्जाची पोच मात्र लेखी द्यावी.