हळू टपकू दे

कोरियातल्या देजॉनच्या त्या लॅबमध्ये मशीन आणा म्हणून दोन वर्षं भांडली कोण? प्यो कुमरान! एकोणीस वर्षं नव्या फ्लॅटमधली हवा भरून आणलेल्या नळ्या हातानं धुऊन तिचं मनगट पार गेलेलं. अंगठ्याएवढी नळी, तिच्यातून औषध थेंब थेंब सोडायचं. त्यात अडकलेलं फॉर्मल्डिहाइड, नव्या रंगा-फर्निचरातून हवेत येणारं विष, खाली उतरतं, मग ते मोजायचं. बास.

मशीन आलं आणि लॅबचे प्रमुख बांगसाहेबांनी वेग फुल्ल करून टाकला. बिल्डरला घाई होती. गुरुवारी भुतं नसलेला दिवस, म्हणजे घर बदलायला शुभ; अठ्ठेचाळीस घरं त्याच दिवशी सामान हलवणार.

पहिला महिना मशीन पारखायचा म्हणून एका घराच्या दोन नळ्या होत्या. एक मशीनला, एक तिला. मशीन म्हणालं एकशे सत्तर, पास. तिची आली दोनशे तीस. मर्यादा दोनशे दहाची.

"मावशी, हात थरथरला असेल तुमचा," साहेब हसले. "मशीनशी कशाला स्पर्धा करताय?"

"माझा हात दुखतो साहेब, थरथरत नाही. आणि ह्याला कसली एवढी घाई? गाडी चुकतेय का ह्याची?"

"चारला रिपोर्ट जाणार."

मशीननं धुतलेली तीच नळी तिनं कचऱ्याच्या ट्रेमधून उचलली. मनगटाला पट्टी आवळली आणि परत औषध सोडलं. थेंब. थेंब. साहेब घड्याळ बघत मागे उभे, ही मान वर करेना. उतरलेलं मोजायला लावलं.

अठ्ठावन्न!

एवढं नळीतच राहिलं होतं! एकशे सत्तर आणि अठ्ठावन्न, साहेबांनी बेरीज मनातच केली, दोनशे अठ्ठावीस, आणि तोंड उतरलं. "म्हणजे बाकीची घरंपण..."

"वेग कमी करा. सगळ्या नळ्या परत धुवायच्या."

"अहो, गुरुवार जाईल!"

"भुतं नसतील हो त्या दिवशी, पण हवा असेल ना? त्या घरांत तान्ही पोरं झोपणार आहेत."

साहेबांनी मुकाट्यानं वेग कमी केला. मशीन आता तिच्यासारखंच टपकायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, नऊ घरं नापास. फोनवर बिल्डर असा ओरडला की साहेबांनी फोन तिच्याच हातात दिला.

"घरं दार लावून तापवा, मग खिडक्या उघडा, म्हणजे विष बाहेर जाईल, असं रोज करा," ती म्हणाली. "भुतं नसलेला दिवस दहा दिवसांनी परत येतो. तेव्हा नळ्या पाठवा, मी आहे इथंच."