फिल्टरसाहेब आणि सहा शिंपले

आमच्या ह्यांना सगळी गल्ली फिल्टरसाहेब म्हणते. बत्तीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात गढूळ पाणी नितळ करण्यात गेली. निवृत्त झाले, पण खोड कसली निवृत्त होतेय! कुणाच्याही घरी जाऊ द्या, पाण्याचा पेला आधी खिडकीकडे धरून बघणार, मगच ओठाला लावणार. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. मी समोर नटूनथटून बसलेली, आणि हा माणूस पेल्यात बघतोय! तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

तर अशा माणसाच्या ताब्यात आमच्या लेकीनं आपले सहा शिंपले दिले. तिला कामासाठी दोन महिने परगावी जायचं होतं. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बैठकीत मांडली नि बजावलं, "बाबा, हे शिंपले पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात. रोज चार वाजता या बाटलीतलं हिरवं पाणी दोन झाकणं घालायचं आणि तासभर पंप बंद. नाहीतर यांचं जेवण पंपाची गाळणीच खाऊन टाकेल." शिंपल्यांवर तिचा भारी जीव. नखाएवढे होते तेव्हापासून सांभाळलेले.

हे म्हणाले, "मला शिकवतेस? पाणी गाळण्यात हयात गेली माझी."

पहिल्या दिवशी झाकणं ओतली. टाकी हिरवट, गढूळ झाली आणि ह्यांचा चेहरा असा पडला, जसं घरातलं कुणी गेलंय. दोन मिनिटं कसेबसे थांबले नि केला पंप चालू! मग रोज तेच. वर फोनवर लेकीला टाकी दाखवायचे, "बघ, आरपार दिसतंय की नाही?"

तिसऱ्या आठवड्यात एक शिंपला आ वासून पडला. मी चमच्यानं डिवचलं, तरी मिटेना. घरभर वास! मी म्हटलं, "अहो, उपाशी मेला तो." तर म्हणे, "मुळातच कमजोर असेल." आपलं चुकलं, हे ह्यांच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. उरलेले पाचही धड उघडत नव्हते. लेकीला काय तोंड दाखवायचं? मला रडूच आलं. आणि मला रडू आलं की पाठोपाठ संताप येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना जेवायला वाढलं. दोन घास झाले नि मी ताट उचललं, घासलं, लखलखीत करून पुन्हा समोर ठेवलं.

"अगं, जेवतोय ना मी!"

"दोन मिनिटं झाली. बघा, ताट कसं आरशासारखं दिसतंय!"

रात्री पुन्हा तेच. "वेड लागलंय का तुला?" म्हणून ओरडले. मी ताट घासत राहिले. तिसऱ्या जेवणाला ताट दोन्ही हातांनी गच्च धरून बसले, आणि बसल्या बसल्या नजर टाकीकडे गेली. जेवण गार होईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

त्या दिवसापासून चार वाजता पंप बंद. गढूळ पाणी मात्र बघवेना, म्हणून खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे, शिक्षा झालेल्या पोरासारखे. दर पाच मिनिटांनी मला विचारायचे, "उघडले का गं?" आठवड्याभरात उघडू लागले.

लेक आली ती नेमकी सव्वाचारला. बॅग टाकून, घड्याळही न बघता टाकीकडे धावली. "अगंबाई, केवढं गढूळ! पंप बंद पडला की काय?" म्हणत तिनं बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" हे भिंतीकडूनच गरजले. "भरल्या पानावरून उठवतात का कुणाला?"

लेक चपापली. मग वाकून मोजू लागली. पाच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात हेच बोलले, भिंतीकडे बघत.

"सहावा माझ्यामुळे गेला. स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला मी त्याला. चुकलं माझं."

लेकीचे डोळे भरले होते. ते पुसून तिनं ह्यांची खुर्ची, ह्यांच्यासकट, ओढत ओढत टाकीकडे फिरवली.

"बघा तरी बाबा," ती म्हणाली, "कसे जेवतायत!"