मखमलीवर पडलेला थेंब

जळगावात आमचं टोप्यांचं दुकान होतं. माझे यजमान टोप्या शिवायचे, मी आतल्या खोलीत अस्तरं लावायचे. मखमलीला मात्र ते मला हात लावू देत नसत.

एकदा ते कापड आणायला धुळ्याला गेले होते. भर दुपारी नाटक कंपनीतले एक नट दारात आले. हातात राजाचा जांभळा मखमली टोप. प्रवासात ट्रंकेत दबून तो एका बाजूनं पार चेपला होता, आणि खेळ त्याच संध्याकाळी होता.

"घरात नाहीत हो," मी म्हणाले.

"मग मी बोडक्यानं सिंहासनावर बसू का?" त्यांचा आवाज चढला.

माझे सासरे ओट्यावर बसले होते. जन्मभर टोप्या केलेल्या, पण आता मोतीबिंदूनं दिसेनासं झालेलं. ते म्हणाले, "ठेवा टोप. चार वाजता या."

नट गेल्यावर मी घाबरून म्हटलं, "आबा, करणार कोण?"

"तू करशी. मी सांगस."

मी चुलीवर पाण्याचं तपेलं चढवलं. आबा जवळ येऊन बसले आणि सांगू लागले. टोप उलटा धरून आतून वाफ द्यायची, बाहेरून नाही. आतली खळ मऊ झाली की लगेच लाकडी कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवायचा. उशीर झाला तर अख्खा टोप लोळागोळा. मी घाईनं ओढायला गेले, तर आबा ओरडले, "वरून हात नको लावू! मखमल शे ती, बोट उमटी जाई." त्यांना दिसत नव्हतं, तरी कळलं कसं कोण जाणे.

आतून मुठीनं रेटत मी चेपलेला भाग वर आणला आणि लगेच टोप कालबुतावर चढवला. तो उभा राहिला. आता फक्त लव उलट्या दिशेनं कुंचल्यानं उचलायची होती. तेवढ्यात माझ्या कपाळावरचा घामाचा थेंब पडला. मागच्या बाजूला. तिथली लव बसली, ती काही केल्या उठेना.

मी आबांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "बोलू नको. त्यांना दिसणार नही."

चारला नट आले. टोप फिरवून पाहू लागले. माझ्यानं राहवलं नाही. "मागं डाग आहे. माझ्या हातनं झाला."

परत ओट्यावर जाऊन बसलेल्या आबांनी मान खाली घातली. नटांनी डाग शोधला, डोळे बारीक करून पाहिला, मला वाटलं आता टोप भिरकावतात. पण त्यांनी तो डोक्यावर चढवला, दोन्ही हातांनी बसवला आणि म्हणाले, "वहिनी, राजा दरबाराला पाठ दाखवत नाही. चालेल."

दुसऱ्या दिवशी यजमान परतले. मी सगळं सांगितलं. ते रागावले, दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आणखी दोन टोप घेऊन आला, तेव्हा त्यांनी ते मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवले.