बनातीवरची रिकामी जागा

विकणारा जितकं जास्त बोलतो तितका माझा विश्वास उडत जातो. हा माझा मूळचा स्वभाव, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नादाला लागल्यावर तो नको तितका फोफावला. वडील गेले आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर रीतसर परवाना काढून माझ्या नावावर झालं, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका शाळेत मास्तर होतो. परवान्यावर तीनच हत्यारं बसत, आणि माझ्या पगारात तेवढीही बसत नव्हती. मग माझी हौस हत्याराबरोबर येणाऱ्या सामानाकडे वळली. तेलाच्या कुप्या, नळी साफ करायचे गज, चामड्याची होल्स्टरं, गोळ्या ओतायचे साचे. त्यांना कुणी परवाना विचारत नाही.

परवाना नाही म्हणूनच नकला मात्र भरपूर. शिरोलीच्या एमआयडीसीत काय ओतून मिळत नाही? पितळेची नवी कुपी चिंचेच्या कोळात आणि मिठात मुरवून शंभर वर्षांची करणारे महाभाग मी पाहिले आहेत. एकाने तर ‘अस्सल विलायती’ होल्स्टर दाखवलं. हातात घेतलं, तर पट्ट्यावर आमच्या कोल्हापुरी चपलेची वेणी! मी हसलो, त्याने होल्स्टर पिशवीत कोंबलं आणि शिव्या देत निघून गेला. असे प्रसंग मला मनापासून आवडत. आपल्याला कुणी फसवू शकत नाही याची एक वेगळीच नशा असते.

वडिलांचं रिव्हॉल्व्हर सागवानी पेटीत असे. पेटीला आतून हिरवी बनात लावलेली होती. त्या जाड लोकरी कापडात प्रत्येक वस्तूसाठी कप्पा होता, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी पडून प्रत्येकीने तिथे आपला आकार उमटवला होता. त्यात एक छोटासा स्क्रू-ड्रायव्हर होता, शिसवी मुठीचा. त्याचं पातं त्या रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूंच्या खाचेत असं बसे की जराही हलत नसे. बाजारात सुट्टं रिव्हॉल्व्हर मिळेल, पण सगळं सामान जागच्या जागी असलेली पेटी मिळणार नाही. पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी तर त्या स्क्रू-ड्रायव्हरवरून नजर काढायला तयार नव्हता.

हे सगळं ओळखायला मला ज्यांनी शिकवलं ते मिस्त्री गंगावेशीतल्या एका बोळात बसत. बंदूकदुरुस्तीचा त्यांचा परवाना, माझ्या वडिलांपासूनचा घरोबा. मी शाळा सुटली की त्यांच्याकडे जाई. ‘‘मास्तर, डोळ्यानं बघू नका, बोटानं बघा,’’ असं ते म्हणत. नवी कड बोटाला बोचते, जुनी बोचत नाही, हे मी त्यांच्याच स्टुलावर बसून शिकलो. मला मोठा भाऊ नव्हता. ती जागा त्यांनी भरली होती, हे तेव्हा कळलं नाही एवढंच.

एका वर्षी निवडणूक आणि नवरात्र एकदमच आलं. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. रिव्हॉल्व्हर ठाण्यात गेलं, बाकीच्या सामानासकट पेटी मी बिजागरी बदलायला मिस्त्रींकडे टाकली आणि हातकणंगल्याला निवडणुकीच्या ड्युटीवर गेलो. मी नसताना मिस्त्री पेटी घरी आईकडे देऊन गेले. पुढे महिन्याभराने रिव्हॉल्व्हर परत मिळालं आणि मी पेटी उघडली. स्क्रू-ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

मी आईला विचारलं, ‘‘मिस्त्री पेटी कधी देऊन गेले?’’

‘‘नवमीच्या आदल्या दिशी.’’

‘‘बरोबर कोण होतं? काही बोलले? घाईत होते?’’

‘‘च्या घे म्हटलं, न्हाई घेतला. गेलं की लगीच.’’

चहा घेतला नाही! मला एवढं पुरलं. त्यात तो पुण्याचा व्यापारी मध्यंतरी मिस्त्रींच्या दुकानात दिसला होता. दोनात दोन मिळवायला मला काही गणिताचा मास्तर असायची गरज नव्हती.

दुकानात जाऊन मी सरळ विचारलं, ‘‘कितीला दिलात?’’

मिस्त्रींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. ‘‘मास्तर, म्या पेटी दिली तवा समदं जागच्या जागी हुतं.’’

‘‘मग पाय फुटले त्याला?’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली केली नाही, उलट त्यांची नजर कधी ढळते याची वाट बघत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘‘आठ दिसानं या.’’

आठ दिवसांनी त्यांनी एक पुडकं माझ्यापुढे ठेवलं. आत स्क्रू-ड्रायव्हर होता. मी घरी येऊन भिंग लावून पाहिला. मुठीचा काळपट तेलकट रंग, पात्याची झीज, बोटाला न बोचणारी कड. बनातीवरच्या आकारात तो बरोबर बसला. ‘अस्सल. परत मिळाला,’ असं मी वहीत लिहिलं. म्हणजे चोरी पचली नाही म्हणून परत आणून दिला, असाच अर्थ मी काढला, आणि ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही. परवानेवाले आठ-दहा जण माझ्या ओळखीचे होते, त्यांच्या कानावर घातलं. ‘‘मिस्त्रींकडे वस्तू टाकताना मोजून टाका,’’ एवढंच म्हणायचो. हत्यार दुसऱ्याच्या दुकानात ठेवणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो, त्याला एवढंही पुष्कळ होतं. हळूहळू लोक सांगलीला जाऊ लागले.

पुढच्या खंडेनवमीला मी घरी होतो. आईने नेहमीसारखी पाटावर पूजा मांडली. विळी, खुरपं, शिलाई मशीनची कात्री. मी रिव्हॉल्व्हर आणून ठेवलं. मग आईने मशीनच्या खणातून एक कापडी पुरचुंडी काढली, सोडली आणि आतली वस्तू रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवली.

शिसवी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. पात्याच्या मुळाशी गेल्या वर्षीचं कुंकू, आणि कुंकवाखाली गंजाचा ठिपका.

‘‘हे तुझ्याकडे कसं?’’

‘‘गेल्या साली बंदूक ठाण्यात हुती न्हवं? नवमीला तुझ्या बाच्या हत्याराला कुंकू लागल्याबिगर कसं ऱ्हायचं? तवा तिचंच हे घेतलं पेटीतनं. पुजलं आन् ठेवलं.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू इचारलंस कुठं? तू नुसतं मिस्त्रीचंच इचारत हुतास.’’

खरं होतं. माझा एकेक प्रश्न मिस्त्रींच्या मागावर होता, पेटी तू उघडलीस का हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी धावत जाऊन पेटी उघडली. तिथला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी पडलेला. दोन्ही शेजारी ठेवले. तासभर बघितलं तेव्हा कुठे मुठीच्या टोकाशी सुतभराचा फरक दिसला. पेटी माझ्याकडे होती, माप घ्यायला मिस्त्रींजवळ काहीही नव्हतं. निव्वळ हाताच्या आठवणीवर त्यांनी तो घडवला होता. आणि मी, चपलेची वेणी ओळखणारा, त्याला अस्सल ठरवून बसलो होतो. मला स्क्रू-ड्रायव्हर ओळखायचाच नव्हता. मला चोर हवा होता.

दसऱ्याचं सोनं आणि दोन्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी गंगावेशीत गेलो. दुरुस्तीला आलेलं एकही हत्यार दुकानात दिसत नव्हतं.

‘‘या पावणं,’’ मिस्त्री म्हणाले.

अनोळखी माणसालाही आमच्याकडे असंच म्हणतात. मी दोन्ही वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी आपली वस्तू कुठली ते बोट लावून लगेच ओळखलं.

‘‘केला नव्हता गुन्हा, तर हा बनवून कशाला दिलात?’’ मी विचारलं. याही वेळी मीच त्यांना जाब विचारत होतो.

मिस्त्रींनी स्वतः घडवलेला तो पुसला आणि परत माझ्याकडे सरकवला.

‘‘पेटी भरली म्हंजे तुमी गप बसशीला, आसं वाटलं हुतं,’’ ते म्हणाले. ‘‘बसला न्हाईसा.’’