रनीमवरची कविता

विसाल आमच्या शाळेत अरबी शिकवते, मी गणित. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लसजवळच्या निर्वासितांच्या छावणीतली मुलींची शाळा. एकेका वर्गात पंचेचाळीस जणी. सातवीतली रनीम घरी जाताना रस्त्यातच गोळी लागून गेली, तेव्हा विसालनं तिच्यावर कविता लिहिली. ती दूरवर पोचली, तिला मोठा पुरस्कार मिळाला. अम्मानला समारंभात विसालनं ती वाचली आणि सगळं सभागृह रडलं.

परतल्यावर शाळेनं सत्कार ठेवला. तो आटोपून आम्ही निघालो, तर रनीमची आई फाटकाशी उभी. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म सुहैब, म्हणजे सुहैबची आई, म्हणतात. तिला वाचता येत नाही. कविता तिनं रेडिओवर ऐकली होती.

"बाई, माझी पोर बारा वर्षं जगली," ती म्हणाली. "तुमच्या कवितेत ती नुसती मरते. आता जो भेटतो तो मला तिचं रक्तच सांगतो."

विसालनं कशीबशी माफी मागितली.

"माफीचं मी काय करू? तिला खोटं बोलता यायचं नाही, मध्येच हसू फुटायचं. हे कुठं लिहिलंत?"

मग विसाल दर शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागली. उम्म सुहैब द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बोलायची, ही रनीमवरच्या लेखासाठी लिहून घ्यायची. रनीम जैतुनाच्या झाडावर सरसर चढायची आणि उतरायला घाबरायची. गणिताच्या वहीत मागच्या पानावर माझं चित्र काढायची, नाक चांगलं लांब करून. हे मला त्या लेखातूनच कळलं.

लेखाला दीड वर्ष लागलं. विसालनं तो वाचून दाखवला, तेव्हा उम्म सुहैबनं पानं गुंडाळता गुंडाळता तो शेवटपर्यंत ऐकला.

"तिचा आवाज नाही आला यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला तरी कुठून येणार? मलाच आता नीट आठवत नाही."

त्यानंतर विसालनं कविता लिहिली नाही. छावणीत कुणी मारलं गेलं की वर्तमानपत्रांचे फोन येतात, चार ओळी द्या म्हणून. ती नाही म्हणते आणि लोकांची वर्दळ ओसरली की त्या घरी जाऊन बसते. अशा लेखांची दोन पुस्तकं झाली. बाईंच्या लेखणीला पूर्वीची धार राहिली नाही, असं लोक म्हणतात. तिसरं पुस्तक कधी पुरं होऊच नये, असं ती मला एकदा म्हणाली होती. यंदा तिला चार घरी जावं लागलं.