गोष्टवाले सर

भौतिकशास्त्राच्या आमच्या सरांना सगळा क्लास 'गोष्टवाले सर' म्हणायचा, पण सर कधी गोष्ट म्हणून सांगत नसत. सूत्र लिहायचे, गणित सोडवायचे आणि म्हणायचे, "लिहून घ्या. आजवर कळलंय ते एवढंच." हे नाव त्यांच्यामागे भूकंपात गेलेल्या गावाहून आलं होतं. तिथं ते शाळेत होते. पुढे लातुरात क्लासचं पेव फुटलं तेव्हा ते इथं आले, आणि डॉक्टर व्हायला मीही अर्धापूरहून येऊन पडलो.

ते 'आजवर' त्यांना सोडवत नसे. गुरुत्वाकर्षणालाही जोडायचे. मेसमध्ये पातळ वरण पुढ्यात आलं की मी त्यांच्या आवाजात म्हणायचो, "हे वरण आहे. आजवर कळलंय ते एवढंच." पोरं ताटावर लोळायची. एकदा तर भर वर्गात मी गोष्टीचा हट्ट धरला. सर पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या बालाजीची आजी भाकरी घेऊन वर्गाच्या दारात आली. ती त्याच गावची. सरांनी तिला पाहिलं आणि खडू ठेवून मान खाली घातली. म्हातारीनंच आम्हाला सांगितलं. भूकंपाआधी गावात बारीक धक्के बसायचे, म्हणून लोक रानात निजायचे. सरांनी पारावर पृथ्वीची गोष्ट सांगितली. लाव्हा कसा वाहिला, थरावर थर कसा निवला, आपल्या पायाखालचा काळा दगड कसा झाला. ऐकून लोकांनी वाकळा गुंडाळल्या आणि दगडमातीच्या माळवदाखाली परतले. गणपती बुडवल्यावरच्या पहाटे घरं पडली. बालाजीची आई त्यातच गेली.

"तुमी सांगितलं म्हून आमी आत निजलाव, गुरुजी," ती म्हणाली. "पर पुस्तकातच तसं व्हतं म्हनत्यात. तुमी काय करनार? आता ह्या लेकराला सांगा ती गोष्ट. त्याच्या मायनं लई मन लावून ऐकली व्हती."

सरांनी सांगितली. इतकी सुंदर गोष्ट मी पुन्हा कधी ऐकली नाही. मीसुद्धा त्या रात्री आत जाऊन झोपलो असतो. 'हा दगड हलणार नाही' या वाक्याशी सर थांबले.

"मावशी, पुस्तकात तसं नव्हतं," ते म्हणाले. "पुस्तकात 'सहसा' होतं. सहसा हलत नाही. तो शब्द गोष्टीत खटकत होता, म्हणून मी काढला."

म्हातारीनं भाकरीचं फडकं बालाजीच्या हातात दिलं आणि ती निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "मंग त्येबी सांगत जावा."

त्या दिवशी मेसमध्ये मला वरण गिळवेना. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सर आता नाहीत. मी डॉक्टर झालो नाही. मुलांसाठी विज्ञानाच्या गोष्टी लिहितो. गोष्ट रंगात येते आणि मध्येच एखादं 'सहसा' पायात येतं. काढावंसं वाटतं. मग ती वरणाची वाटी आठवते, मान खाली जाते. वाक्य लंगडतं. लंगडू देतो.